द्वारका म्हणं

"पंखा बंद करा," साहेब म्हणाला, आणि त्या खोलीत होता नव्हता तेवढा वारा गेला.

भिंतींना सतरंज्या ठोकलेल्या, खिडक्यांवर जाड पडदे, दार लावलं की कानात दडे बसायचे. मधोमध एक मायक्रोफोन आणि दारावर तांबडा दिवा. मुंबईतल्या एका रेकॉर्ड कंपनीची ती खोली. आम्ही पाच माणसं सांगलीकडून आलो होतो. माझे मालक शाहीर रंगराव खोतवाडीकर, एक ढोलकीवाला, एक तुणतुणं वाजवणारा, माझी थोरली जाऊ द्वारकाआक्का आणि मी. माझं काम झील धरायचं. पुढच्यानं कडवं म्हटलं की त्याचा शेवट उचलायचा, वर न्यायचा, 'जी जी' करत लांबवायचा, तेवढ्यात पुढचा दम खातो. बघणाऱ्याला वाटतं, ह्या बाईला काय, नुसतं ओरडायचं. पण झील चुकली की अख्खा फड उघडा पडतो.

नवऱ्याचं नाव मी असं सरळ घेतलं म्हणून कुणी दचकू नये. तेव्हा घेत नव्हते. आमच्याकडं बाईनं नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, उखाण्यापुरती काय ती सूट. आता ते जाऊन बरीच वर्षं झाली, मीही म्हातारी झाले, आणि 'हे' आणि 'ते' करत बसले तर गोष्टीचा गुंता व्हायचा. म्हणून रंगराव म्हणते. गाण्यात मात्र तेव्हाही म्हणायची. शाहिरी गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं, 'रंगराव म्हणं' असं, आणि झिलेला ते उचलावंच लागतं. लग्न नवं होतं तेव्हा त्या ओळीला माझे कान तापायचे आणि समोर बसलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

साहेबाचं नाव डिमेलो. हातात घड्याळ घेऊन त्यानं आमचं गाणं एकदा पुरतं ऐकलं. गाणारी आक्का होती. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "गाणं मस्त आहे, पण लांब आहे. तबकडीच्या एका बाजूत बसणार नाही. चारातलं एक कडवं काढा."

"शेवटचं काढू," रंगराव म्हणाले.

ते इतक्या लगेच म्हणाले की ढोलकीवाल्यानंही मान वर केली. मी आक्काकडं पाहिलं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "बरं."

मला धक्काच बसला. त्या शेवटच्या कडव्यावरून आमच्या घरात हळदीच्या हंगामापासून तंटा चालू होता, आणि तो आक्कानं असा एका 'बरं'वर सोडून द्यावा हे माझ्या पचनी पडेना.

त्याचं असं झालं. रंगरावांचं एक गाणं तेव्हा जत्रांतून फार चालायचं. 'बाईच्या हाती दिली किल्ली, अन् घराची झाली गल्ली.' बायकोच्या हातात पेटीची किल्ली दिली की तिच्या माहेरची रीघ कशी लागते, डबे कसे रिकामे होतात, असलं सगळं त्यात होतं. पुरुष फेटे उडवायचे. बाया ऐकून घ्यायच्या, दुसरं काय करणार. झील मी धरायची, म्हणजे माझ्याच तोंडून मला शिव्या.

एका दुपारी हळद शिजवायच्या कायलीपाशी आक्का आणि मी दोघीच होतो. मी पाचट पुढं करत होते, ती जाळ सारत होती. जाळ सारता सारता ती गुणगुणायला लागली.

*किल्ली दिलीस खरी रं दादा, कुलपात काय ठिवलं?*
*पेटी उघडली, निघाली माती, सांग कुनी लुटलं?*

माझ्या हातातलं पाचट हातातच राहिलं. ऊन कलेपर्यंत तिची चार कडवी झाली. आक्काला लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यामुळं एकदा जुळवलेलं ती विसरायचीही नाही. तिसरं कडवं असं होतं:

*किल्ली कमरंला, कुलूप दाराला, आत रिकामा डबा,*
*पिठाचा धनी तमाशाच्या दारी फेटा बांधून उभा.*

ह्यावर मी इतकी हसले की कायलीखालचा जाळ विझत आला आणि आक्काची बोलणी खाल्ली.

पुढच्याच जत्रेत रंगरावांनी किल्लीचं गाणं संपवलं आणि आक्का पुढं झाली. पिठाच्या कडव्याला बायांच्या बाजूनं टाळी पडली. आमच्या मुलखात बायांनी टाळी वाजवलेली मी तोवर ऐकली नव्हती. मग पुरुषांनाही हसावं लागलं. रंगरावांनीच तिला पुढं केलं होतं, हे त्यांच्या पदरात घालायला हवं. जवाब आपल्या तोंडावर आला तरी खेळ रंगतो, हे त्यांना कळत होतं. घरची बाई शाहिराच्या फडात पुढं उभी राहून गाते, हे आमच्या आसपासच्या गावांत कुणी पाहिलं नव्हतं. भावकीनं आम्हाला लग्नाकार्याला बोलावणं सोडलं होतं. रंगराव म्हणायचे, "बरं झालं, पंगतीत वाट बघत बसायचं वाचलं."

रेकॉर्ड कंपनीच्या माणसानं हा सवाल-जवाब जत्रेतच ऐकला आणि तिथंच ठरवून टाकलं. तबकडीच्या एका बाजूला रंगरावांचं गाणं, दुसऱ्या बाजूला आक्काचं.

तेव्हा नावाचा प्रश्न निघाला. जत्रेत आक्का शेवटच्या कडव्यात 'खोतवाडीची बाई म्हणं' एवढंच म्हणायची. तबकडीची गोष्ट निघाल्यावर तिनं सांगितलं, "तितं मी 'द्वारका म्हणं' असं म्हननार."

रंगराव डफ शेकत बसले होते. त्यांनी डफ खाली ठेवला. "वैनी, फडाचं गानं हाय. फडाच्या गान्यात शाहिराचं नाव येतं."

"म्हंजे तुजं?"

"रीतच हाय ती."

"सवाल रंगरावाचा आन् जवाब बी रंगरावाचाच? मग भांडलं कोन?"

मला हसू आलं, ते मी गिळलं. रंगराव मात्र हसले नाहीत. म्हणाले, "कंपनी कागुद चिकटवती तबकडीवर. त्याच्यावर तुमचं नाव घालाया सांगू."

"कागुद कोन वाचतंय आपल्यात? कर्ण्यातनं ऐकू येईल तेवढंच खरं."

"म्हनूनच म्हनतोय," रंगराव म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले.

ते 'म्हणूनच' मला त्या वेळी कळलं नाही. स्वतःच्या नावासाठी अडून बसलेत एवढंच मी समजले आणि मला त्यांचा राग आला. आक्कानं त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा हे चड्डी सावरत शेळ्यांमागं फिरत होते. सासू नव्हती, त्यामुळं मलाही जे काय शिकवलं ते तिनंच, भाकरीपासून झिलेपर्यंत. अशा बाईला एक ओळ द्यायला ह्यांचं काय जातं, असं मला वाटे. एकदा मी तिला म्हटलंही, "आक्का, ऱ्हाऊ दे की. गानं तर वाजंल."

 ती म्हणाली, "हौसे, मला पोर न्हाई, बाळ न्हाई. जमीन दिराची, घर दिराचं. माझ्यामागं माझं म्हनून एक ओळ ऱ्हावी असं वाटतं. लई झालं का ते?"

 तेव्हापासून मी मनानं तिच्या बाजूची होते, पण नवऱ्यापुढं बोलायची माझी छाती नव्हती.

तर असा तो तंटा, आणि तो आता डिमेलो साहेबानं नुसतं घड्याळ बघून मिटवला होता.

साहेबानं आम्हाला जागा नेमून दिल्या. आक्का मायक्रोफोनपुढं, मी तिच्या डाव्या खांद्यामागं. रंगरावांना त्यानं पार कोपऱ्यात नेऊन उभं केलं, कारण डफाचा आवाज फार मोठा होतो म्हणाला. "लाल दिवा लागला की कुणी बोलायचं नाही. खोकायचं पण नाही." आक्का मान खाली घालून उभी होती. मला तिची दया आली. एवढ्या लांब येऊन बिचारीचा पदर रिकामाच राहणार, असं मी मनात म्हटलं.

रंगरावांनी डफ कपाळाला लावला. इथं आमच्या फडाची एक रीत सांगायला हवी. एकदा डफावर थाप पडली की गाणं मधे मोडायचं नाही, मग काही होवो. ही रीत माझ्या थोरल्या दिरांची, भीमरावांची. ते आक्काचे मालक. फड त्यांनीच उभा केला. त्यांची गाणी सगळ्या मुलखाला पाठ होती, अजूनही असतील. एकदा चालू गाण्यात मांडवात बैल शिरला. अर्धे लोक पळाले. भीमरावांनी उरलेल्यांना आणि बैलाला गाणं पुरं ऐकवलं. पुढं एका जत्रेत गाता गाता तेच छातीला हात लावून खाली बसले. डफ रंगरावांच्या हातात होता. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण थाप थांबली नाही. झिलेत माझ्याशेजारी उभी असलेली आक्का पुढं गेली, नवऱ्याचं राहिलेलं कडवं तिनं म्हटलं, 'भीमराव म्हणं' म्हणून गाणं पुरं केलं, आणि मगच खाली बसून त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. तोवर ते गेलेले होते. त्या दिवसापासून ती पुढंच उभी राहिली. लोक वाटेल ते बोलले. काळजाची नाही, दगडाची आहे म्हणाले. मी तिच्या शेजारी होते, मला ठाऊक आहे ती कशाची होती ते.

तांबडा दिवा लागला. थाप पडली.

पहिलं कडवं छान गेलं. आक्काचा आवाज त्या बंद खोलीत जत्रेतल्यापेक्षा वेगळाच लागला, जवळून बोलल्यासारखा. दुसरंही गेलं. झील धरून मी खाली आले आणि तिसऱ्याला सावरून उभी राहिले, कारण पिठाच्या कडव्याला मला अजून हसू फुटायचं. आक्कानं दम घेतला.

*खोतवाडीची द्वारका म्हणं, किल्ली घे तुझी माघारी,*
*कुलूप बी घे अन् दार बी घे, मी बसते उंबऱ्यावरी.*

तिनं एक कडवं काढलं होतं, साहेबानं सांगितलं तसंच. फक्त रंगरावांनी सांगितलेलं काढलं नव्हतं.

आता सगळं माझ्यावर आलं. नावाच्या ओळीला झिलेनं नाव उचलायचं असतं. मी अडखळले असते तर साहेबानं हात वर केला असता, दिवा विझला असता, आणि दुसऱ्या खेपेला रंगराव सावध झाले असते. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांचं तोंड उतरलं होतं, डोळे आक्काच्या पाठीवर होते. हात मात्र चालूच होता. गाणं मोडायचं नाही. आपल्या गेलेल्या नवऱ्याच्या त्या एका रितीवर विसंबून आक्कानं हे धाडस केलं होतं, आणि मला काही म्हणजे काही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर माझ्या तोंडावर दिसलं असतं, म्हणून नसेल सांगितलं.

मी 'द्वारका म्हणं' उचललं आणि जमेल तेवढं वर नेलं.

दिवा विझला. साहेब खूश होता. त्याला कडव्यांचं काही नव्हतं, त्याला घड्याळाचं होतं. "एकदम वेळेत बसलं. शाहीर, चालेल ना? की परत घेऊ?"

परत घ्या, एवढं म्हटलं असतं तरी झालं असतं. रंगरावांनी डफाची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. "चालंल," ते म्हणाले.

त्यानंतर बोरीबंदरला येईपर्यंत ते आमच्या पुढं पुढंच चालत होते. ढोलकीवाला आणि त्याचा जोडीदार मुंबई बघायला म्हणून मागं राहिले. गाडीला अवकाश होता. आम्हा दोघींना बाकावर बसवून रंगराव चहा आणायला गेले.

"आक्का, पिठाचं कडवं गेलं की गं," मी म्हणाले.

"गेलं."

"सगळ्यात चांगलं तेच हुतं."

"व्हय. पर पयलं टाकलं तर भांडान कशाचं ते कळत न्हाई, आन् दुसरं टाकलं तर सांधा तुटतो. ऱ्हायलं त्येच." ती पिशवीतली सुपारी शोधत होती. "वाईट वाटलंच की. न्हाई कसं?"

रंगराव चहाचे पेले घेऊन आले. आम्हाला दिले आणि स्वतः उभेच राहिले. आता आक्काला बोल लावणार, असं समजून मी अंग चोरून बसले. पण त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

"वैनी, लोक वळखतील."

आक्का चहा फुंकत होती.

"एक गानं तुमच्या नावानं ऐकलं की बाकीची बी वळखतील. बोलन्याची ढब लपत न्हाई. मग दादाचं काय ऱ्हानार?"

"बाकीची कुठली?" मी विचारलं.

रंगराव रुळांकडं बघत राहिले. आक्कानं पेला खाली ठेवला.

"ती बी माझीच हाईत, हौसे. त्येंची म्हनून तू झील धरतीस ती."

मला पहिल्यांदा वाटलं, थट्टा करते आहे. भीमरावांची गाणी! गावोगावची पोरं ती म्हणत मोठी झाली होती. मी माहेरी असल्यापासून म्हणत होते. रंगरावांनी मान वळवली नाही, तेव्हा मला खरं वाटायला लागलं. आणि ते हळदीच्या दिवसातलं 'म्हणूनच' मला आत्ता कुठं उमगलं. माणूस स्वतःच्या नावासाठी अडलेला नव्हता, भावाच्या नावासाठी अडला होता. माझा राग उतरला, पण मन काही हलकं झालं नाही. दोघांचंही खरं होतं आणि दोघांना पुरेल एवढं नाव नव्हतं.

"मग तवाच का घातलं न्हाई तुजं नाव?" मी विचारलं.

"तवा मनात बी आलं न्हाई," एवढंच ती म्हणाली. मग रंगरावांकडं वळून, "आन् रंगा, त्येंचं नाव मी ठिवलं. मीच पुसंन व्हय?"

 गाडी लागली तेव्हा रंगरावांनी तिची पिशवी उचलली, खिडकीची जागा धरून दिली आणि तिला तिथं बसवलं.

तबकडी बाजारात आली तेव्हा सांगलीच्या एका दुकानात आम्ही ती ऐकायला गेलो. मधल्या कागदावर दोन्ही बाजूंना एकच छापलं होतं, 'शाहीर रंगराव खोतवाडीकर आणि पार्टी'. रंगरावांनी आक्काचं नाव घालायला सांगितलं होतं, हे मला माहीत आहे. कंपनीनं मनावर घेतलं नसावं. मी चौथी शिकलेली, मी ते वाचलं आणि आक्काला सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही. ती कर्ण्याकडं कान देऊन ऐकत होती. नाव आलं तेव्हा तिनं डोळे मिटले. संपल्यावर म्हणाली, "माझा आवाज बारीक येतोय. डफ मातुर झ्याक वाजतोय."

रंगराव दुसरीकडं बघत म्हणाले, "पुन्यांदा लावा."

ती दुसरी बाजू पहिलीपेक्षा जास्त चालली. नदीवर धुणं धुणाऱ्या बाया 'द्वारका म्हणं' म्हणत धोपटायच्या. लहान पोरी एकमेकींशी भांडताना तेच म्हणायच्या. आणि त्याबरोबर कुजबुजही सुरू झाली. ती आमच्या कानावर येत होती, पण तोंडावर कुणी बोललं नव्हतं. बोलले ते पुढच्या चैत्रात, नदीकाठच्या एका गावच्या जत्रेत, बाळोबा शाहीर.

बाळोबा म्हणजे भीमरावांच्या जोडीचे. गाणं सोडून त्यांना बरेच दिवस झाले होते, पण मुलखातले सगळे शाहीर त्यांच्या पाया पडून डफ उचलायचे. दुपारचा फड होता, आंब्याखाली. माणूस मावत नव्हतं. आक्कानं जवाबाचं गाणं म्हटलं, चारही कडव्यांचं. टाळ्या थांबल्या आणि पुढच्या घोंगडीवरून बाळोबा उठले.

"रंगराव, एक बोलतो, राग धरू नगा," ते म्हणाले. म्हाताऱ्याचा आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत जात होता. "ह्ये गानं भीमरावाचं हाय. त्येची ढब मी जलमभर ऐकली, झोपेतनं उठवून इचारलं तरी सांगीन. मेलेल्या दाल्ल्याचं गानं घेऊन बाईनं त्यात आपलं नाव घालावं, ह्ये काय शोभत न्हाई."

 बायांच्या बाजूला कुणीतरी रडणाऱ्या पोराला उराशी दाबलं. आक्का ताठ उभी होती. मी मागं होते म्हणून मला दिसलं, पदराचं टोक तिनं मुठीत आवळून धरलं होतं.

रंगरावांनी काहीच बोलायला नको होतं. नुसतं हात जोडले असते, 'व्हय बाबा, दादाचं ऱ्हायलेलं गानं हाय,' असं पुटपुटले असते, तर भावाचं नाव शाबूत राहिलं असतं, फडाची रीत राहिली असती, आणि आक्काची ती एक ओळ तिथंच मेली असती. जो माणूस मुंबईला जाईपर्यंत हेच तर मागत होता, त्याच्या हातात ते आयतं आलं होतं. मी खरं सांगते, मला भीती वाटली. नवरा माझा, पण तो काय बोलेल हे मला त्या वेळी सांगता आलं नसतं.

त्यांनी डफ काखेत धरला आणि पुढं आले.

"बाबा, ढब तुमी बरुबर वळखली," ते म्हणाले. "फकस्त उलटी धरलीया. वैनी दादासारखी गात न्हाई. दादा वैनीसारखा गायचा."

"म्हंजे?"

"म्हंजे दादाची म्हनून जी गानी तुमाला म्हाईत हाईत, ती वैनीची. सगळी. मी चुलीपुढं बसून ऐकलीत. ती जुळवायची, दादा पाठ करायचा."

 मला त्यांचा अभिमान वाटला आणि त्याच वेळी वाईटही वाटलं, कारण थोरल्या भावाचं नाव ते आपल्या तोंडानं खाली उतरवत होते आणि ते त्यांना किती जड जातंय हे मला दिसत होतं.

बाळोबा आक्काकडं वळले. चिडले नाहीत. आवाज उलट खाली आला. "खरं का गं पोरी?"

आक्कानं मान डोलावली.

"मग दर गान्यात 'भीमराव म्हणं' का घातलंस? त्यानं सक्ती केली व्हय?"

"सक्ती कशापायी करतील?" आक्का म्हणाली. "बाबा, घरात त्येंचं नाव घ्यायची मला सोय हुती का? एका गान्यातच काय ते घ्यायला मिळायचं. म्हनून तर गानी करायची." तिनं मुठीतला पदर सोडला. "त्ये गेल्यावर कुनाचं घेऊ? ऱ्हायलं माझंच."

 बायांच्या बाजूला एक म्हातारी डोळ्याला पदर लावून बसली. माझे कान तापले, नव्या नवरीसारखे.

बाळोबा खाली बसले. बसता बसता म्हणाले, "गा मग. म्हन एक."

रंगराव तिच्याजवळ गेले. "कुठलं घ्यायचं, वैनी?"

"त्येंचंच घे," आक्का म्हणाली.

थाप पडली. भीमरावांचं सगळ्यांत जुनं गाणं तिनं घेतलं, मी माहेरी असल्यापासून ऐकलेलं. एकेक कडवं सरत गेलं आणि शेवटचं जवळ आलं तसा माझा जीव वरखाली व्हायला लागला. आता गाणं तिचं आहे हे सगळ्यांना कळलं होतं. शेवटी कुठलं नाव येणार, हे झिलेला आधी ठाऊक पाहिजे, आणि मला ठाऊक नव्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले.

तिनं मान वर केली आणि म्हणाली, 'भीमराव म्हणं'. इतक्या वरून म्हणाली की झिलेला उचलायला वर जागाच उरली नाही. मी ती खालूनच धरली.